तिचे हात स्वच्छ होते

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. टाळायला मला कारणं कधी कमी पडली नाहीत. नोकरी होती तेव्हा पाळ्या होत्या, निवृत्त झालो तेव्हा गुडघे होते, आणि मधल्या काळात कोणाचं ना कोणाचं लग्न असायचंच. आता लिहायला बसलोय तर बायको म्हणते, "सत्तरी ओलांडली तुम्ही. आता कशाला उकरून काढताय? एका कापडाची ती काय गोष्ट!"

सत्तरी ओलांडली म्हणूनच, असं मी तिला सांगितलं. आणि गोष्ट कापडाची नाही.

आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. सांगणारा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. पंगत बसली, मठ्ठा फिरला की तो सुरू होतो. माझ्या मुलीने लहानपणी एका चादरीवर कबड्डीच्या खेळाडूंच्या सह्या गोळा केल्या होत्या. सगळ्या वसईपासून डहाणूपर्यंतच्या. आणि मग एका रविवारी तिने ती चादर साबणाच्या पाण्यात भिजत घातली. कबड्डीत समोरचा अख्खा संघ बाद केला की त्याला लोण म्हणतात. मेहुणा बोट वर करून म्हणतो, "एका बादलीत लोण चढवला आमच्या भाचीनं! एवढे गडी बाद झाले, पंच काय करणार?" मंडळी हसतात. माझी मुलगीही हसते.

ही गोष्ट खोटी आहे. ती मी रचली आहे. ज्यांना वाईट वाटायचं असेल त्यांनी वाटून घ्यावं, पण यापुढे ती माझ्यासमोर सांगायची नाही, माझ्यामागेही नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. पंचविशीत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आलो आणि सुती कपड्याचा रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. शेवटपर्यंत निळ्याच्या खात्यात राहिलो. रंगाची पूड हवेत उडते, घामावर बसते आणि कातडीत शिरते. साबणाने ती जात नाही. ब्लीचिंगने थोडी जाते, बाकीची कातडी झडेल तेव्हा जाते. आमच्या बनियनी निळ्या, उशा निळ्या, हात मनगटापर्यंत कायमचे निळे. बोईसरच्या नाक्यावरचा पानवाला हात बघूनच खातं ओळखायचा. लाल हाताच्या माणसाला म्हणायचा, "आज निळेवाले आधी येऊन गेले." हा हातांचा रंग लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

गावाकडे मी कबड्डी खेळायचो. फार मोठा नव्हतो, पण पकड चांगली होती. इकडे आल्यावर खेळणं सुटलं, बघणं सुटलं नाही. दिवाळीनंतर इकडे गावोगाव सामने असतात. कुठे देवळामागे, कुठे शाळेच्या पटांगणात, कुठे भात कापून झालेल्या शेतात माती चोपून केलेल्या मैदानावर. मुलगी चौथीत गेल्यापासून मी तिला सायकलवर पुढे बसवून न्यायला लागलो. बायको म्हणायची, मुलीला कसले सामने दाखवता. मी म्हणायचो, मुलींचेही संघ असतात, बघ येऊन.

सह्यांची सुरुवात बेटेगावच्या एका सामन्यात झाली. किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्याचा गडी होता, काळाकभिन्न, चढाईला गेला की रेषेवर मांजरासारखा उभा राहायचा. त्याने शेवटच्या चढाईत तिघांना बाद करून सामना काढला. माझी मुलगी गर्दीतून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला तुमची सही पाहिजे."

तो मागे वळून बघायला लागला, मागे कोणी मोठं माणूस उभं आहे का म्हणून. मग म्हणाला, "माजी? अगो, बँकेत पन कोन मागत नाय माजी सही!"

त्याचे साथीदार हसले. "दे दे, नायतर तुजी मासली कोन इकत घेनार!"

तिच्याकडे कागद होता तो त्याच्या घामाने फाटला. बॉलपेन ओल्या बोटांत फिरेना. घरी येताना ती सायकलच्या दांड्यावर बसून कागदाचे तुकडे जुळवत होती. खाडीच्या पुलाजवळ म्हणाली, "बाबा, कापडावर सही घेता येते का?"

दुसऱ्या दिवशी मी मांजरपाट आणला. आमच्या लॅबमध्ये रंगाचे नमुने त्याच जाड्याभरड्या कापडावर काढत. बायकोने कडा दुमडून शिवल्या. आणि पेन मी तयार केलं. वाळलेलं मार्कर पेन उघडलं, आतली वात धुतली, आणि सिरिंजने त्यात आमच्याच खात्यातला निळा रंग पाण्यात कालवून भरला. मुलीला मी छाती फुगवून सांगितलं होतं, "दुकानातली शाई उडते. आपला रंग उडत नाही. तुझ्या नातवंडांना दाखवशील."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे, कारण ते माझं आहे.

पुढची तीन-चार वर्षं आमची तीच वारी. सामना, सही, सायकल. तिने नियम केले होते. खेळलेल्या माणसाचीच सही. जिंकलेला-हरलेला असा भेद नाही. आणि सही हात धुवायच्या आधी. त्यामुळे प्रत्येक सहीशेजारी तळहाताच्या कडेचा मातीचा डाग असायचा. मनोरकडची माती लाल, समुद्राकडची करडी. डोंगरातल्या एका पाड्यावरची मुलींची कप्तान होती. तिने कापड मांडीवर पसरून एकेक अक्षर कोरल्यासारखं स्वतःचं नाव लिहिलं, मग पाड्याचं लिहिलं, मग आईचं.

"आईचं कशाला?" मी विचारलं.

"माज्या नावाच्या चार हायत आमच्या पाड्यात," ती म्हणाली. "उद्या दुसरीच सांगंल, ही सही माजी हाय."

पालघरच्या एका मोठ्या सामन्यात मंचावर पाहुणे बसले होते. फेटे, हार, सगळा थाट. मुलगी कापडाची घडी छातीशी धरून मंचासमोरून निघाली तेव्हा मधल्या पाहुण्याला वाटलं, आपल्याकडेच येतेय. त्याने कौतुकाने हात पुढे केला, खिशातलं सोन्याच्या टोपणाचं पेन काढलं. ती थांबली.

"काका, तुम्ही खेळलात?"

"मी उद्घाटन केलं, बाळ."

"मग नाही," ती म्हणाली आणि मैदानाकडे गेली.

माझ्या कारखान्यातला एक सुपरवायझर शेजारी होता. तो म्हणाला, "मुलीला जरा शिकवा हो, मोठ्या माणसांचा मान ठेवायला." मी त्याला म्हणालो, मान ठेवला म्हणूनच थांबली, नाहीतर न थांबता गेली असती. त्या दिवसाइतक्या ताठ मानेने मी परत कधी बोईसरला उतरलो नाही. कॉलनीत लोक हसायचे. सह्या घ्यायच्या तर क्रिकेटवाल्यांच्या घ्या, ही उघडी पोरं कोण, म्हणायचे. हसोत. त्या कापडासारखं दुसरं कापड या अख्ख्या पट्ट्यात नव्हतं, आणि ते तिचं होतं.

आता बादली.

आमचा रंग पक्का होतो, पण आपोआप होत नाही. तो कापडावर बसवावा लागतो. सोडा लागतो, वाफ लागते, वेळ लागतो. तोपर्यंत तो नुसता वर बसलेला असतो, पाणी लागलं की सुटतो. लॅबमध्ये उत्तरेकडचा एक तरुण होता. त्याला मी कौतुकाने कापड दाखवलं तेव्हा त्याने लगेच ओळखलं. "चाचा, ये तो फिक्स नहीं किया है। पानी मत लगाना। मेरे पास ले आओ, मैं स्टीम दे दूँगा।"

मी नेलं नाही. आधी म्हटलं, कापड भरू दे, मग एकदाच नेऊ. नंतर कापड भरलं तरी नेलं नाही. खरं कारण सांगतो. मी त्या खात्यात वीस वर्षं रंग बनवत होतो आणि कालचं पोर मला रंग शिकवत होतं. रंग बनवणं वेगळं आणि कापड रंगवणं वेगळं, हे मला माहीत होतं. पण माझ्या मुलीचं काम मी दुसऱ्याच्या हाती देणार नव्हतो.

मुलगी आठवीत असताना तिच्या शाळेत प्रदर्शन ठरलं. सोमवारी कापड भिंतीवर लावायचं होतं. शनिवारी ती आईला म्हणाली, "याला मातीचा वास येतोय, धुवायचं का?" मी ओरडलो, "अजिबात पाणी लावायचं नाही!" एवढंच ओरडलो. का नाही लावायचं, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पेनाबद्दलची फुशारकी खोटी पडली असती.

रविवारी सकाळी ती शिकवणीला गेली, बायको बाजारात. मी न्हाणीघरात बादली मांडली. कारखान्यातून आणलेला सोडा गरम पाण्यात विरघळवला आणि वाफेऐवजी कढत पाण्यावर काम भागेल असं ठरवून कापड आत सोडलं. मला वाटलं होतं, ती येईल तेव्हा म्हणेन, आता खुशाल धू.

पहिल्यांदा धुरासारख्या रेघा सुटल्या. मग पाणी निळं झालं. मी दोन्ही हात कोपरापर्यंत घालून कापड ओढून काढलं. त्या घाईतच उरलेलं गेलं. बाहेर आलं ते आकाशी रंगाचं फडकं होतं. कोळीवाड्याचा गडी, पाड्यावरची कप्तान, तिची आई, सगळे एकमेकांत मिसळून गेले होते. मातीसुद्धा गेली होती.

बायको भाजीची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "अगं बाई! हे काय झालं?"

मी म्हणालो, "तिनं भिजत घातलं वाटतं. काल म्हणत नव्हती का धुवायचं?"

मी विचार करून हे बोललो नाही. पण बोलल्यावर विचार करायला अख्खा तास होता, मुलगी यायला तेवढा वेळ होता. त्या तासात मी एकदाही तोंड उघडलं नाही.

ती आली. दप्तर खांद्यावरच होतं. कापड बघून ती दारातच थांबली. बायको म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं ना पाणी लावू नको म्हणून?"

"मी नाही लावलं."

"मग कोणी लावलं?"

तिने दोन्ही हात पुढे केले. पालथे केले, उताणे केले. "हे बघ आई. माझे हात बघ."

हात स्वच्छ होते. नखांच्या कडासुद्धा. घरात त्या रंगातलं कळणारा माणूस एकच होता. त्या बादलीत एक बोट जरी बुडालं असतं तरी आठवडाभर निळं राहिलं असतं, हे त्या माणसाला माहीत होतं. बायको म्हणाली, "साबण लावला असशील." आणि माझ्याकडे बघितलं, मी काय म्हणतो म्हणून. माझे हात निळे होते, पण ते रोजच निळे असायचे. माझ्याकडे कोण बघणार?

मी म्हणालो, "खोटं बोलू नकोस."

तिने हात खाली घेतले. रडली नाही. सोमवारी शाळेत रिकाम्या हाताने गेली. पुढच्या रविवारी मी सायकल काढली, घंटी वाजवली, तेव्हा आतून म्हणाली, "मला अभ्यास आहे." त्यानंतर दर वेळी तिला अभ्यास होता. ती शिकली, पालघरला सरकारी कचेरीत लागली, तिचं लग्न झालं. माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. सामन्याला मात्र माझ्याबरोबर परत आली नाही.

आता तिची मुलगी कबड्डी खेळते. मागच्या हिवाळ्यात ती आमच्याकडे आली, तिच्याजवळ एक टी-शर्ट होता. शाळेत राज्याच्या संघातल्या एक खेळाडू येऊन गेल्या होत्या, त्यांनी पाठीवर सही केली होती. नातीने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

"आजोबा, हा तुमच्या कपाटात ठेवा."

"का गं? घरी जागा नाही?"

"आईकडे नको. ती धुऊन टाकेल. मामा-आजोबांनी सांगितलंय ना सगळ्यांना."

आणि मी तो घेतला. माझ्या कपाटात, माझ्या कपड्यांत ठेवून किल्ली फिरवली.

उन्हाळ्यात बोईसरला एका लग्नात मेहुण्याने परत बोट वर केलं. "एका बादलीत…"

मी ताटावरून उठलो. "पुरे. चादर तिनं नाही भिजवली. मी भिजवली."

मग मेहुणा म्हणाला, "वा दाजी! एवढ्या वर्षांनी लेकीची बाजू घेता व्हय!" कोणीतरी म्हणालं, बापाचं काळीज. एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. मी ओरडून सांगितलं, खरंच मी भिजवली. तेवढे ते जास्त हसले. मुलगी समोरच्या रांगेत होती. ती वाढप्याला म्हणाली, "बाबांना भात वाढा."

मी खोटं बोललो तेव्हा एका वाक्यात सगळ्यांना पटलं होतं. खरं बोललो तर कौतुक मिळालं. म्हणून हा पुरावा लिहून काढला आहे. सोडा, वाफ, लॅबमधला माणूस, आणि तिचे हात. अजून कोणाला हसायचं असेल तर त्याने आमच्या खात्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारावं, निळ्यात बुडालेले हात साबणाने तासाभरात स्वच्छ होतात का.

लग्नानंतरच्या रविवारी टी-शर्ट घेऊन पालघरला तिच्या घरी गेलो. जावई बाहेर गेले होते, नात सरावाला. मुलगी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी उभ्याउभ्याच बोललो. "मी लग्नात म्हणालो ते खरं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. चिमटा लावला. "त्या दिवशीच माहीत होतं. तुमचे हात रोज मनगटापर्यंत निळे असायचे. त्या दिवशी कोपरापर्यंत होते."

यापुढे माझ्या तोंडून जे निघालं तेही लिहितो, सोडून देत नाही. मी म्हणालो, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिने बादलीतला पुढचा कपडा उचलला, झटकला. "बोलले होते, बाबा. मी नाही, असं म्हणाले होते."

एवढ्यात नात आली, धुळीने भरलेली. मी पिशवी तिच्यासमोर तिच्या आईच्या हातात दिली. "हा तुझ्या आईकडे राहील. ती चादर मी भिजवली होती आणि नाव तिचं घेतलं होतं. तुझा मामा-आजोबा काहीही सांगू दे."

नातीने आईकडे बघितलं. "खरंच?"

"खरंच," मुलगी म्हणाली.

"मग आजोबा, तुम्ही सॉरी म्हणालात?"

"तुझी आई समजूतदार आहे," मी म्हणालो.

"म्हणजे नाही म्हणालात."

"बाबा, चहा टाकते," मुलगी म्हणाली आणि आत गेली. मी तिच्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ती पाठमोरी होती, गाळणी शोधत होती. वाक्य तयार होतं. गाडीत, पुढे सफाळ्याला जाणाऱ्या लोकांशेजारी बसून मी ते मनात घोकत आलो होतो. दार धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "साखर कमी घाल."

ते वाक्य हे होतं. पोरी, तू खोटं बोलली नव्हतीस. तुझे हात मी बघितले होते. माझं चुकलं, मला माफ कर.